ओनसेनमध्ये स्नान करताना

प्रश्न : आम्ही पती-पत्नी जपानला जाणार आहोत. तेथील गरम पाण्याच्या कुंडांत पोहण्याचा पोशाख घालून उतरता येते का? माझ्या दंडावर गोंदण आहे, त्याची अडचण येईल का?

उत्तर : बहुतेक ओनसेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवरील स्नानगृहांत, पोशाख चालत नाही, स्त्री-पुरुषांची कुंडे वेगळी असतात आणि सर्वजण विवस्त्र स्नान करतात. पहिल्यांदा संकोच वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तेथे कोणी कोणाकडे निरखून पाहत नाही. खरा कटाक्ष स्वच्छतेचा आहे. कुंड अंग धुण्यासाठी नसून सर्वांनी मिळून शेकण्यासाठी असल्याने, आधी न्हाणीतील बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करावी, फेसाचा अंशही राहू देऊ नये, आणि मगच हळूहळू पाण्यात उतरावे. लांब केस वर बांधावेत. छोटा पंचा पाण्यात बुडवू नये, तो डोक्यावर किंवा काठावर ठेवावा. पाणी बहुधा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणून मद्यपानानंतर जाऊ नये आणि चक्कर येऊ लागल्यास लगेच बाहेर यावे.

गोंदणाचा संबंध तेथे गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला गेल्याने अनेक ठिकाणी प्रवेश नाकारतात. किनोसाकी या ओनसेनसाठी प्रसिद्ध गावातील सार्वजनिक स्नानगृहांत मात्र गोंदण चालते. अन्यत्र आधी विचारावे, अथवा खासगी कुंड राखून ठेवावे, जेथे आपणा दोघांना एकत्र स्नानही करता येईल.