मुलगी १० वर्षांची आहे, ओळखीतून २४ इंची जुनी गिअरची सायकल मिळाली. तिच्या मापाची कशी करून घेऊ? (कोल्हापूर)

आधी तिला सीट आणि हँडलमधल्या आडव्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय जमिनीवर टेकवून उभं करा. दांडा लागत असेल तर ती सायकल अजून वर्षभर ठेवून द्या, खर्च करू नका.

बसत असेल तर पहिलं काम ब्रेकचं. लिव्हरच्या बुडाशी बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हँडलजवळ येतो. आमच्या पोरीची बोटं पोचतच नव्हती, रंकाळ्यावर ती चक्क चप्पल घासून थांबायची! स्क्रू फिरवल्यावर केबलचा ताण मात्र पुन्हा बघा.

दुसरं क्रँक, म्हणजे ज्याच्या टोकाला पायडल असतं तो दांडा. मोठ्यांचा १७० मिलिमीटरचा असतो, त्यात लहानग्यांचे गुडघे छातीला येतात. १५२ चा मिळाला तर घाला. पायडल काढताना डावीकडचा आटा उलटा असतो, जोर लावून मोडू नका.

स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) आखूड घ्या, उंची वाढली की लांब बदलता येतो. सीटचा दांडा वर घेताना त्यावरच्या खुणेची रेघ बाहेर दिसता कामा नये. पुढचं धक्के झेलणारं स्वस्त सस्पेन्शन नुसतं वजन. साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) बसवला तर उत्तम. पन्हाळ्याचा घाट? एवढ्यात नको.