बारकी चिंबोरी म्हणजे मोठीचं पिल्लू का?

प्रश्न: आमच्या बाजारात दोन तऱ्हेच्या खाडीतल्या चिंबोऱ्या येतात. एक मोठी, हिरवट. दुसरी लहान, तांबूस नांग्यांची. कोळीण म्हणते, "ही जातच बारकी, यापेक्षा वाढत नाय." मुलाच्या पुस्तकात मात्र सायला सेराटा हे एकच शास्त्रीय नाव. खरं कोणाचं?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर: कोळणीचं. पुस्तकाच्या बाजूने चुकणाऱ्यांत मीही होते. प्राणिशास्त्र शिकवत असताना प्रयोगशाळेतल्या एका बरणीवर माझ्याच अक्षरात 'सायला सेराटा' अशी चिठ्ठी होती आणि आत होती ही बारकी. फॉर्मॅलिनमध्ये रंग उडाला होता, पण काटे कुठे उडतात? तेच मी नीट पाहिले नव्हते.

घोळ जुना आहे. फिलिपिन्समध्ये संशोधक एस्टाम्पादोर यांनी १९४९ मध्ये या चिंबोऱ्या वेगवेगळ्या केल्या. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियात त्या पुन्हा एकाच जातीत कोंबल्या गेल्या. १९९८ मध्ये कीनन आणि सहकाऱ्यांनी अंगावरच्या खुणा आणि डीएनए ताडून चार जाती ठरवल्या. आपल्याकडे तरीही बारकीला सेराटा आणि मोठीला ट्रँक्वेबॅरिका (त्या चारांतलीच आणखी एक जात) म्हणणं चालूच राहिलं. डीएनए तपासल्यावर उलगडा झाला: मोठी तीच खरी सेराटा, बारकी सायला ऑलिव्हेसिया.

रंगावर जाऊ नका, चिखलाप्रमाणे तो बदलतो. नांगीचं मनगट, म्हणजे चिमट्याच्या लगेच अलीकडचा भाग, बघा. मोठीच्या मनगटाला बाहेरून दोन टोकदार काटे असतात; बारकीला फार तर एक बोथट, पुष्कळदा तोही नाही. दोन डोळ्यांमधले चार दात मोठीचे उंच, बारकीचे बुटके आणि गोलसर. मोठीच्या पायांवर जाळीची नक्षी ठळक असते. कवचाच्या कडेचे नऊ-नऊ दात मोजत बसू नका, ते दोघींनाही असतात.

पिल्लाची शंका उरली असेल तर बारकी मादी उलटी करा. पोटावरची झडप रुंद, गोल आणि काळपट असेल तर ती वयात आलेली आहे. पिल्लाची झडप अरुंद असते. अरुंद त्रिकोणी झडप नराचीही असते, तेव्हा अशी एकच चिंबोरी बघून निकाल देऊ नका.

आणि हे सगळं नांग्या दोरीने बांधलेल्या असतानाच करा. माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून वण आहे, तोही बारकीचाच.