पीएलएलचं लॉक सुटतंय? लूप फिल्टर राहू दे, आधी बटण बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सीडी ४०४६ या चिपवर घरी पीएलएल (एक फ्रिक्वेन्सी दुसऱ्या स्थिर फ्रिक्वेन्सीला बांधून ठेवणारं सर्किट) बांधलाय, डिव्हायडरचा एन, म्हणजे फ्रिक्वेन्सीला कितीने भागायचं तो आकडा, पुश बटणाने सीडी ४०२९ हा काउंटर पुढे सरकवून बदलता. एकदा दाबलं की तीन-चार पायऱ्या उडतात, लॉक (म्हणजे ही पकड) सुटतं. शिवाय पाऊस सुरू झाल्यापासून बटणाला हात न लावताही फ्रिक्वेन्सी हलते. यावर तुम्ही लूप फिल्टरचे (कंट्रोल व्होल्टेज गुळगुळीत करणाऱ्या भागाचे) कपॅसिटर बदलत बसलायत, ते आधी थांबवा. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

४०२९ बाजूला काढा आणि डिव्हायडरच्या पिना तारेने थेट प्लसला किंवा ग्राउंडला बांधा. लॉक टिकलं तर लूप ठीक आहे. मला वाटतं टिकेल. बटणाच्या बाउन्समुळे (दाबताना संपर्क थरथरून अनेकदा जुळतो-तुटतो) एन भलतीकडे जातो, व्हीसीओचा (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरचा) पल्ला संपतो, त्याच्या इनपुटचा, म्हणजे ४०४६ च्या पिन ९ चा व्होल्टेज एका टोकाला चिकटतो आणि तुम्हाला वाटतं लूपच बिघडला.

डिप स्विचने (छोट्या चालू-बंद स्विचांच्या पट्टीने) सरळ एन दिला असता तर बाउन्सने काही बिघडलं नसतं. संपर्क काही मिलिसेकंदांत स्थिर होतो, मग लूप पुन्हा पकडतो. (डिप स्विचला रेझिस्टर मात्र हवाच. सीमॉस चिपची (४०४६, ४०२९ याच जातीच्या) मोकळी पिन घरातला ५० हर्ट्झ पकडते.) तुमचं बटण ४०२९ च्या क्लॉकला (मोजणी पुढे सरकवणाऱ्या पिनला) जोडलंय, तिथे प्रत्येक थरथर मोजली जाते. नुसता कपॅसिटर लावून भागत नाही: सिग्नलची कड संथ होते, आणि संथ कडेवर ४०२९ पुन्हा जास्तच मोजू शकतो. म्हणून १० किलोओहमचा पुल-अप (प्लसकडे ओढणारा रेझिस्टर), ग्राउंडकडे १ मायक्रोफॅरड, बटणाच्या मालिकेत १०० ओहम, आणि मग ४०१०६ चं एक गेट (हे श्मिट ट्रिगर, संथ कड पुन्हा तीव्र करतं). मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळेल. उरलेल्या गेटांचे इनपुट ग्राउंडला बांधा. ४०२९ ची पिन १ मोकळी सोडली असेल तर तीसुद्धा. ती प्रीसेट आहे, क्लॉकची वाट न बघता आकडा भरते.

आता पावसाचं. ४०४६ मधल्या दोनपैकी दुसरा फेज कम्पॅरेटर (दोन सिग्नलांची तुलना करणारा भाग) वापरत असाल तर लॉक झाल्यावर त्याचं आउटपुट, पिन १३, जवळजवळ तुटल्यासारखी असते आणि व्होल्टेज फक्त फिल्टरचा कपॅसिटर धरून ठेवतो. झिरो पीसीबीवर (भोकांच्या तयार बोर्डवर) सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला आणि वर मुंबईची दमट हवा, की तिथून गळती होते आणि फ्रिक्वेन्सी हलते. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने बोर्ड धुवा, नीट वाळवा. फिल्टरचा कपॅसिटर पॉलिएस्टरचा घ्या, इलेक्ट्रोलिटिक नको. बटणांच्या तारा पिन ९ जवळून नेऊ नका.

तपासताना पिन ९ ला मीटर लावू नका, १० मेगाओहमचा मीटरसुद्धा तो व्होल्टेज खाली ओढतो. ४०४६ च्या पिन १० वर पिन ९ चाच व्होल्टेज बफर होऊन येतो; तिच्यावरून ग्राउंडला १० किलोओहम लावा आणि तिथे बघा. आकडा थोडा कमी दिसेल, पण चढउतार तोच असतो.