‘चारातलं एक झालं, आता पुढची तीन ठीक ना?’

चंद्रपूरकडचं जोडपं. तीन वर्षांचा मुलगा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण, म्हणजे एसएस: सिकलचं जनुक (एस) दोन्हीकडून आलेलं. आई-बाप दोघंही वाहक, एएस: एक जनुक नेहमीचं (ए), एक सिकलचं. त्यांना स्वतःला काही त्रास नाही. बाई पुन्हा सात आठवड्यांची गरोदर. ‘चारात एक’ एवढं कुणीतरी सांगितलेलं, त्यावर नवऱ्याचा हिशेब तयार: एकाला झालं, आता पुढची तीन सुटली. सासूबाईंचं एकच म्हणणं, “हे सुनेच्या माहेरचं.”

केसपेपरच्या मागे चौकट काढली. वर बापाचे ए आणि एस, डावीकडे आईचे ए आणि एस. घरं भरली: एए, एएस, एएस, एसएस. एसएसच्या घरात एक एस वरून उतरलाय, एक डावीकडून आलाय, हे बोट ठेवून दाखवलं. सासूबाई गप्प झाल्या.

नवऱ्याची चूक मात्र चौकटीनं आणखी पक्की होते. चार घरं म्हणजे चार मुलं असंच वाटतं. म्हणून दोन नाणी घ्यायची. छापा ए, काटा एस. एक त्यानं उडवायचं, एक तिनं. दोन्ही काटे पडले की एसएस. मागच्या खेपेला काय पडलं याच्याशी या खेपेचा संबंध नाही. दर गरोदरपणात 25 टक्के धोका तसाच. पुढची तीनही मुलं आजाराविना होण्याची शक्यता 3/4 गुणिले 3/4 गुणिले 3/4, म्हणजे 27/64. जेमतेम 42 टक्के.

चौकटीतली अक्षरं खरी हवीत, नाहीतर सगळं गणित फुकट. सोल्युबिलिटी चाचणीत रक्त गढूळ दिसलं की एस आहे एवढंच कळतं. एएस की एसएस, ते नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, लागते. आणखी एक खाच: जोडीदार सोल्युबिलिटीत ‘निगेटिव्ह’, पण बीटा थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक असेल, तरी बाळाला सिकल-थॅलेसेमियाचा (एकाकडून एस, दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचं जनुक) 25 टक्के धोका राहतोच.

गर्भाची तपासणी हवी असेल तर सातवा आठवडा सोयीचा. आधी आई-बाप आणि थोरला, तिघांच्या रक्तातून डीएनए तपासून घ्यायचा. मग साधारण 11 ते 13 आठवड्यांत वारेचा नमुना. ती वेळ हुकली तर 16 व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल. करायची की नाही, हे दोघांनी ठरवायचं.

उठता उठता सासूबाईंनीच विचारलं, “माझ्या धाकट्या मुलाचं लग्न ठरतंय, त्याचं काय?” नवऱ्याचा एस त्याच्या आई-वडिलांपैकी कुणाकडून तरी आलेला. त्यांच्यातला एकच वाहक असेल, तरी धाकट्याला 50 टक्के. साखरपुड्याआधी त्याचं एचपीएलसी, आणि मुलीचंही.