पाकोळ्यांसाठी लाकडी घर मुलांसोबत कसे बनवावे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत सात आणि दहा वर्षांच्या मुलांना हाताशी घेऊन वटवाघळांसाठी लाकडी घर बनवता येईल का आणि त्यात काही धोका आहे का, असे आपण विचारले आहे. घर नक्की बनवता येते. मात्र वडा-पिंपळावर उलटी लटकणारी, फळे खाणारी मोठी वटवाघळे त्यात येत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. हे घर असते ते तिन्हीसांजेला भिरभिरत कीटक टिपणाऱ्या, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या छोट्या वाघळांसाठी, ज्यांना आपल्याकडे पाकोळ्या म्हणतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या तुळयांमधल्या आणि कौलांखालच्या फटींत त्या सुखाने राहत असत. वाडे पाडले गेले, तशा त्या फटीही गेल्या.

आमचे पहिले घर मी चिमणीच्या घरट्यासारखे ऐसपैस केले होते आणि त्यात पालींखेरीज कोणीही आले नाही. पाकोळीला खोली नको असते, फट हवी असते. मागची आणि पुढची फळी यांत पाऊण ते एक इंच एवढेच अंतर ठेवावे, वरून आणि दोन्ही बाजूंनी तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या लावून बंद करावे आणि तळ पूर्ण उघडा सोडावा. उंची दोन फूट, रुंदी सोळा इंच पुरे; मागची फळी मात्र खाली चार-पाच इंच जास्त ठेवावी, कारण पाकोळी आधी तिथे उतरते आणि मग सरपटत वर जाते. पुढची फळी दोन तुकड्यांत लावून, तळापासून सहा इंचांवर अर्ध्या इंचाची आडवी फट ठेवल्यास हवा खेळती राहते.

लाकूड महागाचे नको. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघणारे पॅकिंगचे पाइनवुड चालते, पण त्यावरचा शिक्का पाहून घ्यावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीडमुक्त केलेले, ते घ्यावे, ‘एमबी’ म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेले, ते घेऊ नये. आतून रंग किंवा पॉलिश अजिबात लावू नये.

मुलांचे खरे काम आतल्या खाचांचे आहे, कारण गुळगुळीत फळीवर पाकोळीची नखे टिकत नाहीत. आमच्या धाकटीने पट्टी धरून मागच्या फळीवर दर अर्ध्या इंचावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि थोरल्याने प्रत्येक रेघेवर करवत हलकेच ओढून खाच पाडली. पन्नासहून अधिक खाचा झाल्या, दुपार सरली, पण दोघांपैकी कोणीही उठले नाही. खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत आणि वरचे सांधे नीट बुजवावेत.

घर झाडावर न लावता भिंतीवर, बारा ते पंधरा फूट उंचीवर, पूर्वेकडे तोंड करून लावावे, म्हणजे आपल्याकडची पश्चिमेची पावसाची झड आणि मे महिन्यातले दुपारचे ऊन या दोन्हींपासून ते वाचते. बाहेरून फिकट रंग द्यावा. समोर रस्त्याचा दिवा आणि खाली खिडकी किंवा पाण्याची टाकी नसावी. शिडीवर मोठ्यांनीच चढावे.

धोक्याविषयी: खाली पडलेल्या पाकोळीला मुलांनी कधीही हात लावू नये, कारण वाघळांच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

त्यानंतर वाट पाहावी लागते. आमच्याकडे दुसरा पावसाळा सरल्यावर भिंतीखाली तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या दिसल्या. उंदराची लेंडी कडक असते, पण ही धाकटीने काडीने दाबताच भुगा झाली आणि त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार कण होते.