अर्धशिशी, सुंठीचा लेप आणि अमेरिकेहून आलेली बाटली

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून सांगलीत शिक्षिका आहे. गेली सहा वर्षे मला अर्धशिशीचा त्रास आहे. महिन्यातून पाच-सहा वेळा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळते आणि वर्गातल्या ट्यूबलाइटचा उजेडही सोसत नाही. डॉक्टरांनी रोज घेण्याची एक गोळी सुचवली होती, पण धास्ती वाटल्याने मी ती सुरूच केली नाही. दुखेल तेव्हा दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेते. असे महिन्यातले दहा-बारा दिवस तरी होतात. सासूबाई सुंठीचा लेप लावतात आणि पथ्यादी काढा घे म्हणतात. न्यू जर्सीला राहणाऱ्या नणंदेने ‘बटरबर’ या वनस्पतीच्या कॅप्सूलची बाटली पाठवली आहे. वर्षभरात दुसऱ्या बाळाचा विचार आहे. वनस्पतिजन्य असल्याने ही कॅप्सूल निर्धोक समजावी का?

उत्तर : नाही. ती बाटली आपण उघडू नये, हे आधीच सांगतो; कारण मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण नणंदेने पाठवलेली वस्तू भोंदूपणाची नव्हे. अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठी ज्या वनस्पतींची चाचणी झाली, त्यांत बटरबरचा पुरावा सर्वांत भक्कम होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७५ मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा घेणाऱ्यांचे झटके ४८ टक्क्यांनी कमी झाले, तर औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे २६ टक्क्यांनी. (दिखाऊ गोळीनेही चौथा हिस्सा कमी व्हावा, हे घरगुती उपायांचे अनुभव ऐकताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे.) अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मेंदुविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये बटरबरला आपल्या शिफारशींत वरचे स्थान दिले आणि २०१५ मध्ये यकृताला होणाऱ्या इजेच्या चिंतेमुळे त्या शिफारशी मागे घेतल्या. या वनस्पतीत पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची यकृताला घातक द्रव्ये मुळातच असतात. ती काढून टाकल्याचा दावा बाटलीवर छापलेला असतो. परंतु अमेरिकेत हा माल औषध म्हणून नव्हे, तर पूरक आहार म्हणून विकला जातो आणि विक्रीपूर्वी औषधाइतकी कडक तपासणी त्याच्या वाट्याला येत नाही. गर्भधारणेचा विचार असताना तर हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

सासूबाईंचा लेप चालू द्यावा. सहाणेवर सुंठ उगाळून कपाळावर लावल्याने काहींना बरे वाटते. त्वचेची आग झाली तर लगेच धुवावा, एवढेच. मात्र झटका येऊच नये म्हणून सुंठ पोटात घेण्याचा उपयोग दिसलेला नाही : ब्राझीलमध्ये १०७ रुग्णांना तीन महिने आल्याचा अर्क किंवा दिखाऊ गोळी दिली, तेव्हा दोन्ही गटांना आलेल्या गुणात फरक दिसला नाही. चहात आले घालायला अर्थातच हरकत नाही.

पथ्यादी काढ्याबाबत थोडे अधिक जपून. ‘पथ्या’ म्हणजे हिरडा. त्याच्यासोबत बेहडा, आवळा, काडेचिराईत, हळद, कडुनिंब आणि गुळवेल त्यात असतात. आयुर्वेदात अर्धावभेदकावर, म्हणजे अर्धशिशीवर, तो परंपरेने दिला जातो, तथापि बटरबरची झाली तशी मोठी चाचणी त्याच्या वाट्याला आलेली नाही. त्यातल्या गुळवेलीविषयी वाद आहे : २०२० च्या अखेरीस मुंबईत ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आणि आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. काढा घ्यायचाच असेल, तर नोंदणीकृत वैद्यांना बाळाचा विचार सांगून, त्यांच्या देखरेखीखालीच घ्यावा. शिरःशूलादिवज्र रसासारखी पारायुक्त रसौषधे मात्र स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नयेत.

आता आपल्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट, जी आपण ओझरती लिहिली आहे : दहा-बारा दिवस वेदनाशामक. एकाच गोळीत दोन-तीन औषधे असलेली वेदनाशामके महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, आणि साधी पॅरासिटामॉल पंधरा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. तसे होत असेल, तर कोणत्याही झाडपाल्याने गुण येणे कठीण. कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवसाला एक खूण आणि गोळीच्या दिवसाला दुसरी, अशी महिनाभर नोंद ठेवावी आणि ते पान, गोळीच्या रिकाम्या पट्टीसह, डॉक्टरांना दाखवावे. रोजच्या गोळीची धास्तीही तिथेच बोलून घ्यावी. त्या गोळीचे नाव आपण लिहिलेले नाही. ती टोपिरामेट किंवा व्हॅलप्रोएट असेल, तर गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून पर्यायी औषध मागावे. कोणताही प्रतिबंधक उपाय दोन-तीन महिने नियमित घेतल्याखेरीज त्याचा गुण कळत नाही.

एकाएकी असह्य डोकेदुखी झाली, तापासोबत मान आखडली, हातापायातली ताकद गेली किंवा बोलणे अडखळले, तर मात्र नोंदवही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : अर्धशिशीवर ‘फीव्हरफ्यू’ची पाने चावतात आणि तिच्या शास्त्रीय नावात ‘पार्थेनियम’ आहे, असे वाचले. आमच्या सोसायटीमागे माजलेले गाजरगवत ते हेच का? (पुणे)

उत्तर : मुळीच नव्हे, आणि कृपया ते तोंडात घालू नका. फीव्हरफ्यू म्हणजे टॅनासेटम पार्थेनियम, तर गाजरगवत म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरस. कूळ शेवंतीचे, पण झाडे वेगळी. फीव्हरफ्यूला पांढऱ्या पाकळ्यांची, पिवळ्या मध्याची छोटी फुले येतात. गाजरगवताची फुले साबुदाण्याएवढी पांढरट असतात. फीव्हरफ्यूचा गुणही बेताचाच आहे : एका मोठ्या चाचणीत दिखाऊ गोळीच्या तुलनेत महिन्याला सरासरी ०.६ झटका कमी झाला. कच्ची पाने चावल्याने तोंड येते. गर्भवतींनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती वर्ज्य करावीत. गाजरगवत तर १९५० च्या दशकात पुण्याच्या आसपासच प्रथम नजरेत भरले आणि आजही त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतो. सोसायटीमागचे उपटायचे असेल, तर फुलावर येण्याआधी आणि हातमोजे घालून उपटा.