श्रीमंत लोक बुडायला आलेले फुटबॉल क्लब का घेतात?

तुमचा प्रश्न असा आहे: रेक्सहॅमसारखे खालच्या लीगमध्ये खितपत पडलेले क्लब पैसेवाले लोक का घेतात, आणि असा कुणी आपल्याकडे आला तर भारतीय फुटबॉलचं भलं होईल का?

‘का घेतात’ याचं उत्तर छोटं आहे. स्वस्त मिळतात, आणि तिथे वर जायला शिडी आहे: लीग एकावर एक रचलेल्या, चांगलं खेळलं की संघ वरच्या पायरीवर, तळाला राहिला की खालच्या. रेक्सहॅम हा वेल्समधला, पण इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारा 1864 चा क्लब. 2011 पासून तो चाहत्यांच्या ट्रस्टकडे होता आणि पाचव्या पायरीवर अडकून पडला होता. फेब्रुवारी 2021 मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी या दोन नटांनी तो घेतला, तोही 20 लाख पौंड घालायच्या बोलीवर. तेवढ्यात कोरेगाव पार्कात धड बंगला तरी येईल का, शंकाच आहे. त्यांनी क्लबवर मालिका काढली, जगभर जर्सी खपल्या, आणि 2023, 2024, 2025 अशा सलग तीन हंगामांत संघ तीन पायऱ्या चढला. त्यानंतर वर फक्त प्रीमियर लीग, म्हणजे सगळ्यांत वरची पायरी उरली, जिथे तळाला राहणाऱ्या संघालाही हंगामाला 10 कोटी पौंडांच्या पुढे मिळतात. ही लॉटरी लागते यावर लोकांचा विश्वास बसावा अशी उदाहरणंही आहेत. 2014 मध्ये पाचव्या पायरीवरून सुटलेला ल्यूटन टाउन 2023 मध्ये तिथे पोचला होता. (पुढच्याच वर्षी खालीही आला, पण ते कोण लक्षात ठेवतं!)

न लागलेली लॉटरीही बघा. इंग्लंडमधल्या ‘बरी’ या गावाचा क्लब डिसेंबर 2018 मध्ये नव्या मालकाने एका पौंडाला घेतला. एक पौंड! आधीच्या मालकाने तोवर स्टेडियम गहाण टाकलेलं होतं. ऑगस्ट 2019 मध्ये लीगने क्लबला बाहेर काढलं. इंग्लंडची मानाची एफए कप स्पर्धा दोनदा जिंकलेला, 1885 सालचा क्लब. म्हणून मालक किती श्रीमंत आहे हे मी दुसऱ्यांदा विचारतो. आधी विचारतो, मैदानाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? रेक्सहॅमवाल्यांनी 2022 मध्ये मैदान विद्यापीठाकडून विकत घेतलं, तेव्हा कुठे मला हे लोक टिकतील असं वाटायला लागलं.

आता तुमचा दुसरा भाग. पुणेकराला हे विचारताय म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण आम्ही दोन्ही बाजूंनी आहोत. विलायतेत क्लब विकत घेणाराही पुण्याचाच. नोव्हेंबर 2010 मध्ये कोंबड्यांच्या धंद्यातल्या व्यंकीजने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधला क्लब 2.3 कोटी पौंडांना घेतला. त्याआधी हाच क्लब जॅक वॉकर या तिथल्याच पोलादवाल्याने दुसऱ्या पायरीवरून उचलून 1995 मध्ये इंग्लंडचा विजेता केला होता. व्यंकीजने महिन्याभरात मॅनेजर काढला, मे 2012 मध्ये संघ खाली गेला, आणि त्या दिवशी वैतागलेल्या प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. आमच्या ऑफिसात तो फोटो आठवडाभर फिरत होता. पुण्याच्या कंपनीची कोंबडी, म्हणून सगळे हसत होते. मला मात्र कौतुक वाटलं. मालकावर इतकं चिडायला आधी क्लब आपला वाटावा लागतो. 2017 मध्ये रोव्हर्स तिसऱ्या पायरीवर घसरले, पुढच्या वर्षी परत वर आले. मालकांनी इतक्या वर्षांत पुष्कळ पैसा ओतलाय, शिव्याही खाल्ल्यात. क्लब जागेवर आहे.

आमच्याकडे काय झालं? पुणे एफसी, 2007 चा, पिरामल घराण्याचा. 2012-13 ला आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली वरची लीग) दुसरा आला, 2015 मध्ये बंद. भारत एफसी, कल्याणी ग्रुपचा, एका हंगामात गुंडाळला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळला. एफसी पुणे सिटी 2014 ते 2019 आयएसएलमध्ये, म्हणजे फ्रँचायझी संघांच्या इंडियन सुपर लीगमध्ये, मग फ्रँचायझी हैदराबादला गेली. तिथे 2022 मध्ये आयएसएलचं विजेतेपदही मिळालं, आणि 2025 मध्ये तीच फ्रँचायझी दिल्लीला निघाली. भाडेकरू घर बदलतो तसं.

यातल्या कुणाकडेच पैसा नव्हता असं म्हणता येईल का? मी पुण्यातल्या बालेवाडीच्या स्टेडियमला मॅच बघायला नेमाने जायचो. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे खेळाडू लांब, ठिपक्यांएवढे. दुपारभर तापलेल्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र घालून बसायचं, ढोल वाजवणारी तीस-चाळीस पोरं एका कोपऱ्यात, आणि ऐंशीव्या मिनिटाला मनपाच्या बससाठी उठणारे काका. स्टेडियम सरकारचं. क्लब गेला तर मागे उरायला काही नव्हतंच.

लंडनमध्ये विम्बल्डनचा क्लब मालकांनी मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात न्यायची परवानगी मिळवली, तेव्हा चाहत्यांनी 2002 मध्ये एका सार्वजनिक माळावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली, नवव्या पायरीपासून नवा क्लब सुरू केला आणि 2011 मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये नेला. पुण्याचा क्लब गेला तेव्हा आम्ही काय केलं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस हळहळलो आणि शनिवारी रात्री आर्सेनलची मॅच लावली. मीही त्यातलाच, उगाच साळसूदपणा नको.

तर धनिक आला तर बरंच आहे, येऊ दे. पण त्याने आयएसएलमधली जागा विकत घेण्यापेक्षा इथल्या जिल्हा लीगमधला एखादा जुना क्लब घ्यावा, पोरांना बारमाही मैदान द्यावं आणि सभासदांना मत द्यावं. आमच्या जिल्हा लीगमध्ये वर-खाली जाणारे गट आहेत, म्हणजे शिडीचे खालचे दोन-तीन डांडे तरी तयार आहेत. त्यात टीव्हीचा पैसा नाही, दहा वर्षं कुणी ओळखणार नाही. असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पुणे सिटीची माझी नारिंगी जर्सी अजून घरात आहे. आई तिने अ‍ॅक्टिव्हा पुसते.